घाटातली टकटक

टोकावडं मागे पडलं की रस्त्याचा स्वभाव बदलतो. कल्याणहून निघून मुरबाड, सरळगावपर्यंत गाडी आपल्याच नादात धावत असते. वैशाखऱ्याला नाणेघाटाची वाट धरणारी पोरं गाड्या लावतात, मोरोशीच्या पुढे सह्याद्रीची भिंत अंगावर येते आणि मग माळशेज. मे महिन्यातली दुपार, मागे बायको, दोन्ही बाजूंना भरलेल्या पिशव्या, बुलेट चौथ्या गिअरवर. चढ लागला, मी मूठ पिळली आणि इंजिनातून आवाज आला. पत्र्याच्या डब्यात मूठभर खडे टाकून कुणी हलवावेत तसा. मूठ सैल केली की बंद, पिळली की पुन्हा सुरू. बोगद्यात शिरल्यावर तो आवाज भिंतींवर आपटून दुप्पट झाला.

परतीच्या वाटेवर टोकावड्याला एका पत्र्याच्या शेडसमोर थांबलो. मिस्त्रीने गाडी चालवून पाहिली नाही, सुरूही केली नाही. सिलिंडर आणि हेड जिथे जुळतात त्या रेषेवरून नुसता अंगठा फिरवला आणि विचारलं, "दादा, हेड घासून घेतलंय ना?"

घेतलं होतं. वर्षापूर्वी एका गॅरेजमध्ये 'पिकअप वाढेल' म्हणून हेडवर एक मिलिमीटरचा फेस मारला होता, मोठ्या आवाजाचा सायलेन्सर बसवला होता आणि फिल्टरही मोकळा करून घेतला होता. पिकअप वाढला होता, हेही खरं. सपाटीवर.

ही टकटक म्हणजे नेमकं काय, हे समजून घ्यायला इंजिनाच्या डोक्यात क्षणभर डोकवावं लागतं. पिस्टन वर येतो, हवा आणि पेट्रोलचं मिश्रण दाबतो आणि तो अगदी टोकाला पोचण्याच्या थोडं आधी प्लग ठिणगी टाकतो. पुष्कळांना वाटतं की तिथे स्फोट होतो. होऊ नये, हीच तर अपेक्षा असते. ठिणगीपाशी लागलेली आग वाळलेल्या गवताच्या माळावर वणवा सरकतो तशी एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे सरकत गेली पाहिजे. पण वणवा पुढे येतो तसा त्याच्यासमोरचा अजून न जळलेला वायू जळलेल्या वायूच्या रेट्याने आणखी दाबला जातो, आणखी तापतो. तो पुरेसा तापला आणि त्याला पुरेसा वेळ मिळाला, तर आग पोचण्याआधीच तो सगळा एका झटक्यात स्वतःहून पेटतो. हे नॉकिंग, म्हणजेच डेटोनेशन. त्या झटक्याने सिलिंडरमध्ये दाबाच्या लाटा इकडून तिकडे आपटू लागतात. बुलेटच्या ७० मिलिमीटर बोअरमध्ये त्या सेकंदाला साधारण आठ हजार वेळा थरथरतात. आपल्याला ऐकू येते ती ही घंटा. कुठला भाग भागावर आपटल्याचा तो आवाज नसतो.

आवाजाने कुणाचं काही बिघडत नाही, बिघडतं ते दुसऱ्याच कारणाने. पिस्टनच्या आणि हेडच्या पृष्ठभागाला चिकटून वायूचा एक पातळ, तुलनेने थंड थर असतो, तो धातूची ढाल असतो. दाबाच्या लाटा ती ढाल उडवून लावतात. मग उष्णता थेट ॲल्युमिनियममध्ये शिरते. पिस्टनची कड वाळवी लागल्यासारखी खरवडली जाते, रिंगांमधल्या भिंती तुटतात, हेडचं पॅकिंग फुटतं. मिस्त्रीने माझा प्लग काढून उन्हात धरला. पांढऱ्या चिनी मातीवर मिरपूड भुरभुरावी तसे बारीक ठिपके होते. "हा तुमचा पिस्टन," तो म्हणाला.

वरच्या वर्णनात दोन शब्द महत्त्वाचे आहेत: ताप आणि वेळ. नॉकिंगवरचे सगळे उपाय या दोनपैकी एकाला हात घालतात. काँप्रेशन कमी करणं हा त्यातला एक उपाय आहे आणि माझ्या मते तो शेवटी करायचा. पण माझ्यासारख्याने आधीच काँप्रेशन वाढवून ठेवलं असेल, तर हिशेब तिथूनच सुरू करावा लागतो.

काँप्रेशन रेशो म्हणजे पिस्टन खाली असतानाची जागा भागिले पिस्टन वर असताना उरलेली जागा. माझ्या बुलेटचा बोअर ७०, स्ट्रोक ९० मिलिमीटर, म्हणजे पिस्टन ३४६ घन सेंटिमीटर जागा झाडून काढतो. कंपनीचा रेशो साडेआठ. ३४६ला साडेसाताने भागलं की वर उरलेली जागा मिळते: सुमारे ४६ घन सेंटिमीटर. मोठ्या लिंबाएवढी पोकळी. बोअरचं क्षेत्रफळ साडेअडतीस चौरस सेंटिमीटर असल्यामुळे एक मिलिमीटर हेड घासलं की त्यातले जवळजवळ चार घन सेंटिमीटर गेले. उरले बेचाळीस, आणि रेशो झाला ९.२. एका मिलिमीटरला एवढी किंमत असते, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.

मद्रासला १९५५ साली एनफिल्ड इंडिया सुरू झाली आणि पुढे अर्धशतक जी ओतीव लोखंडाच्या सिलिंडरची बुलेट रस्त्यावर राहिली, तिचा रेशो होता साडेपाच. आज हे ऐकून हसू येतं, कारण चाकणला बनणाऱ्या केटीएम ३९०चा रेशो साडेबाराच्या घरात आहे. पण साडेपाच हा आकडा आळसातून आलेला नव्हता. १९९०च्या दशकातसुद्धा आपल्या पंपावरचं साधं पेट्रोल ८७ ऑक्टेनचं होतं. हवेने थंड होणारं मोठं सिलिंडर, चाळीस अंशांचा उन्हाळा, मागे दोन माणसं आणि दुधाचे कॅन, आणि गिअर बदलायचा कंटाळा करणारा चालक. या सगळ्यांना माफ करणारं इंजिन हवं होतं, म्हणून तो आकडा.

माफीची किंमत मात्र कायमची असते. आदर्श हवेवरचा पाठ्यपुस्तकी हिशेब मांडला, तर चाळीस अंशांची हवा साडेपाचपट दाबली की साडेतीनशे अंशांच्या आत राहते, साडेआठपट दाबली की साडेचारशेच्या पुढे जाते. खऱ्या इंजिनात दोन्ही आकडे यापेक्षा कमी भरतात, पण फरक कळायला हे पुरेसं आहे. त्याच हिशेबात इंधनातल्या उष्णतेतून काम काढण्याची कमाल मर्यादा साडेपाचला एकोणपन्नास टक्के येते, साडेआठला साडेसत्तावन्न. काँप्रेशन उतरवणं म्हणजे प्रत्येक थेंबामागे, सपाटीवर असो वा उतारावर, दंड भरत राहणं. घाट वर्षातून चारदा, दंड रोज.

इथे रॉकेलची गोष्ट सांगायला हवी, कारण नॉकिंगचा शोध तिच्यापासूनच सुरू होतो. अमेरिकेत विजेच्या तारा शेतवस्त्यांपर्यंत पोचल्या नव्हत्या, तेव्हा चार्ल्स केटरिंगच्या डेल्को कंपनीने शेतकऱ्यांसाठी छोटे जनरेटर काढले. ते रॉकेलवर चालायचे आणि वाईट टकटकायचे. कारण शोधायला केटरिंगने १९१६ साली थॉमस मिजली या तरुणाला बसवलं. इंग्लंडमध्ये हॅरी रिकार्डो याच कोड्यामागे होता आणि शेवटचा वायू स्वतःहून पेटतो हे त्याने ओळखलं होतं. मिजलीने शेकडो पदार्थ इंधनात मिसळून पाहिले आणि डिसेंबर १९२१मध्ये शिशाचं एक संयुग त्याला सापडलं. चमचाभराने टकटक थांबली. पुढची जवळजवळ शंभर वर्षं जगातल्या गाड्यांनी ते शिसं हवेत सोडलं आणि पोरांच्या रक्तात उतरवलं. भारतात ते १ फेब्रुवारी २००० पासून देशभर बंद झालं.

ऑक्टेनचा आकडा म्हणजे इंधनाचा हा धीर: तापलं, दाबलं, तरी आपणहून न पेटण्याचा. आयसो-ऑक्टेनला शंभर, हेप्टेनला शून्य, अशी ही पट्टी १९२०च्या दशकात ठरली. रॉकेलचा आकडा विशीच्या आसपास. म्हणूनच आपल्याकडे भाजीच्या वावरात जी पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर चालवायची छोटी इंजिनं होती, त्यांचं काँप्रेशन मुद्दाम अगदी खाली ठेवलेलं असायचं. तेच रॉकेल पेट्रोलमध्ये दहा टक्के गेलं, की साध्या सरासरीने ऑक्टेन सहा-सात अंकांनी पडतं. रेशनच्या रॉकेलला निळा रंग दिला जायचा तो हे पकडता यावं म्हणून. भेसळीचा हा धंदा किती खोल गेला होता, हे महाराष्ट्राने २५ जानेवारी २०११ला पाहिलं. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना, ते मनमाडजवळ अशाच अड्ड्यावर चौकशीला थांबले असताना, जिवंत जाळण्यात आलं. त्या काळात घाटात गाडी टकटकली की आमच्याकडची माणसं आधी पंपाचं नाव काढायची, आणि पुष्कळदा त्यांचं बरोबर असायचं.

आता पंपावरचा प्रश्न वेगळा आहे. भारत स्टेज तीनच्या प्रदूषण-नियमांपासून साधं पेट्रोल ९१ ऑक्टेनचं झालं आणि वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला किमान ९५ ऑक्टेनचा निकष आहे. इथेनॉलचा स्वतःचा आकडा शंभराच्या वर, शिवाय उडून जाताना ते पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता शोषतं, म्हणजे आत शिरणारी हवा गार करतं. माळशेज चढून जुन्नरच्या बाजूला उतरलं की दुतर्फा ऊस लागतो, तो एका अर्थाने नॉकिंगवरचं औषध आहे. मग माझी बुलेट याच इंधनावर का टकटकली?

मिस्त्रीकडे त्याचं उत्तर होतं, फक्त त्याच्या भाषेत. "गाडी उपाशी आहे." इथेनॉलमध्ये ऑक्सिजन आधीच असतो, म्हणून तेवढ्याच हवेला इंधन जास्त लागतं. संगणकावर चालणारी गाडी ते जास्त इंधन स्वतः देते. माझ्या कार्ब्युरेटरला काय कळणार? तो जुन्या पेट्रोलच्या मापाने देत राहिला, वर मोकळा सायलेन्सर आणि मोकळा फिल्टर लावून मी हवा वाढवली होती. पातळ मिश्रण तापट असतं. जास्त ऑक्टेनने जे दिलं ते उपासमारीने काढून घेतलं. (जुन्या साडेपाचवाल्या बुलेटचं दुःख निराळं. तिला ९५ काय आणि इंडियन ऑइलचं शंभर ऑक्टेनचं महाग पेट्रोल काय, गाढवाला गुळाची चव काय! ती ८७वर सुखी होती. जास्तीच्या ऑक्टेनचा फायदा उचलायला लागणारं काँप्रेशनच तिच्याकडे नाही, आणि इथेनॉलमधली कमी ऊर्जा मात्र तिच्या वाट्याला येते.)

मिस्त्रीने काम सुरू केलं ते हेड न उघडता. कार्ब्युरेटरचा मेन जेट दोन नंबरने मोठा. प्लग एक पायरी थंड, म्हणजे ज्याचं टोक आपली उष्णता हेडला लवकर देऊन टाकतं तो, कारण लाल झालेलं टोक ठिणगीआधीच मिश्रण पेटवतं. तो आजार नॉकिंगहून वेगळा आहे, पण दोघं एकमेकांना बोलावून आणतात. मग मला समोर बसवून गिअरवर व्याख्यान. चौथ्या गिअरवर कमी फेऱ्यांत मूठ पूर्ण उघडी, म्हणजे सिलिंडर गच्च भरलेलं आणि पिस्टन सावकाश. शेवटच्या वायूला पेटायला हवा तेवढा वेळ. तिसऱ्यावर घेतली की फेऱ्या वाढतात, वेळ कमी होतो, मूठही अर्धीच लागते. आवाज जास्त येतो म्हणून इंजिनावर जोर पडतो असं आपल्याला वाटतं. इंजिनाला विचारलं तर ते उलट सांगेल.

टायमिंगचा उपाय त्याला जुन्या बुलेटवर जास्त आवडतो. तिथे पिस्टन टोकापासून पाऊण मिलिमीटरच्या जरा पुढे, ०.८वर असताना पॉइंट उघडले पाहिजेत, आणि ते नेमके कधी उघडतात हे पाहायला पॉइंटमध्ये सिगारेटचा पातळ कागद धरून ओढत राहायचं. सुटला की उघडले. ठिणगी थोडी उशिरा टाकली की दाबाचा कळस पिस्टन आणखी खाली गेल्यावर येतो आणि नॉकिंग शमतं. ताकद थोडी जाते, पण हा दंड परत मिळवता येतो, स्क्रू उलटा फिरवला की झालं. नव्या मोटारींत हेच काम ब्लॉकला चिकटवलेला सेन्सर करतो: ती घंटा ऐकतो आणि संगणक त्याच क्षणी ठिणगी काही अंशांनी मागे घेतो. माझ्या गाडीचं टायमिंग डब्यात बंद होतं, तिथे कागद चालणार नव्हता.

महिनाभराने पुन्हा घाट चढलो. टकटक निम्म्याने कमी झाली होती, गेली नव्हती. आता हेड उघडायचं.

आत कार्बनचा काळा थर होता. हा थर जागा व्यापतो म्हणजे काँप्रेशन वाढवतो, आणि उष्णता धरून ठेवतो म्हणजे निखाऱ्यासारखा बसतो. तो खरवडल्यावर मिस्त्रीने हेड उलटं ठेवलं, प्लग बसवला, वर भोक पाडलेली काच ठेवली आणि इंजेक्शनच्या सिरिंजने ऑइल सोडत पोकळी मोजली. गॅरेजमध्ये इंजिनाचा आकडा असा काढतात. कागदावरचा ९.२ आणि सिरिंजचा आकडा जवळजवळ जुळला, तेव्हा आम्हा दोघांनाही जरा बरं वाटलं.

काँप्रेशन उतरवण्याच्या वाटा तीन-चार आहेत. खोलगट डोक्याचा पिस्टन सगळ्यात नीट, पण माझ्या गाडीला तसा सहज मिळेना. हेडची पोकळी खरवडून मोठी करता येते, पण तिथे हात चुकला की हेड गेलं. राहिलं जाड पॅकिंग: हेडखाली किंवा सिलिंडरखाली. ऐकायला सोपं, म्हणून सगळे तेच करतात आणि पुष्कळदा फसतात. अनेक इंजिनांत पिस्टनची कड आणि हेडची सपाट कड एकमेकींच्या एका मिलिमीटरच्या आसपास येतात आणि मधलं मिश्रण पिचकारीसारखं मध्यभागी उडवतात. त्या घुसळणीने आग लवकर पसरते आणि शेवटच्या वायूला वेळ मिळत नाही. जाड पॅकिंग घालून ही फट दुप्पट केली, तर काँप्रेशन उतरूनही टकटक राहते. जिथे अशी सपाट कड आहे तिथे फट सांभाळून पोकळी दुसरीकडून वाढवायची, हा या धंद्यातला सगळ्यात दुर्लक्षित नियम असावा. माझ्या बाबतीत तर मूळ फटच हेड घासून कमी केली होती, ती मूळ मापाला परत न्यायची होती, म्हणून पॅकिंग चाललं. पुशरॉडचं गणितही त्यानेच जागेवर आलं.

मुरबाडच्या लेथवर एक मिलिमीटर तांब्याची चकती कापून आणली. मिस्त्रीने ती लाल होईपर्यंत तापवली आणि पाण्यात बुडवली. लोखंड असं केल्यावर कडक होतं, तांबं मऊ पडतं आणि मग नीट बसतं. ४२चे पुन्हा ४६ झाले. वर्षापूर्वी पैसे देऊन काढलेला मिलिमीटर पैसे देऊन परत आणला.

ज्याला खरोखर ताकदीचं इंजिन बांधायचं आहे त्याला मात्र काँप्रेशन उतरवण्याचं योग्य कारण एकच: हवा कोंबून भरणार असेल तर. टर्बोने दीडपट दाबाची हवा आत ढकलली, की साडेआठचं इंजिन ठिणगीच्या वेळी त्याहून कितीतरी मोठ्या रेशोच्या इंजिनासारखं तापतं. तिथे रेशो उतरवून जी ताकद गमावली, ती जास्तीच्या हवेने अनेकपटीने परत येते. तसा टर्बो नसताना नुसता आकड्याचा अभिमान धरण्यात अर्थ नाही, कारण तो आकडाही पुरता खरा नसतो. आत घेणारा वॉल्व्ह पिस्टन वर निघाल्यानंतरही काही काळ उघडाच असतो. दाबायला खरी सुरुवात तो मिटल्यावर होते. उशिरा मिटणारा रेसचा कॅम बसवला की कमी फेऱ्यांत थोडं मिश्रण मागे ढकललं जातं, त्यामुळे तिथे दहाचा रेशो नऊसारखा वागतो. नुसतं हेड घासून कॅम तोच ठेवणारा हे विसरतो. मी विसरलो होतो असं म्हणवत नाही, मला माहीतच नव्हतं.

चकती बसवल्यावर जुलैत माळशेजला गेलो तेव्हा टकटक औषधालाही नव्हती आणि मी खूष झालो. मिस्त्री झाला नाही. पावसातली चाचणी तो मानत नाही, आणि त्याचं शास्त्रही पक्कं आहे. हवा गार असते, शिवाय दमट. हवेतली वाफ जळत नाही, नुसती उष्णता पिते. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या इंजिनांत याच कारणाने पाणी फवारायचे. घाटात ढग अंगावरून जात असताना थोडंसं तेच काम फुकट होतं. माथ्याकडे हवाही विरळ: सातशे मीटरवर तिचा दाब समुद्रसपाटीहून आठेक टक्क्यांनी कमी, म्हणजे सिलिंडर तेवढंच कमी भरतं. टकटक नेहमी खालच्या निम्म्या चढावर जास्त का येते, त्याचं एक कारण हे. "मे महिन्यात सांगा," तो म्हणाला. "आणि सायलेन्सर कंपनीचा लावून सांगा. एवढ्या आवाजात तुम्हाला काय ऐकू येणार?"

मोठ्या सायलेन्सरने टकटक थांबत नाही, झाकली जाते, हे खरंच होतं. वर्षभर ती असेल आणि मला फक्त घाटात ऐकू आली असेल. जुना सायलेन्सर माळ्यावरून काढला, फिल्टरही बंद केला, जेट त्याप्रमाणे पुन्हा एक नंबर खाली. मे महिन्यात, दुपारी दोनला, त्याच पिशव्या घेऊन निघालो. मोरोशी गेली, तिसरा गिअर टाकला. बोगद्यात शिरताना मी मूठ पिळून कान टवकारले. मागून बायकोने खांद्याला धरलं आणि घाबरून विचारलं, "अहो, गाडी बंद पडली का?"